खुणेवर बसणारा बाक

अकरावीच्या वर्गात ‘मापन आणि एकके’ हे प्रकरण सुरू करताना मी दरवर्षी एक प्रश्न विचारतो. ‘बेंचमार्क’ हा शब्द तुम्ही वर्तमानपत्रात नेहमी वाचता. तो कोठून आला असेल? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातून गाडीने ये-जा करणारी ही मुले चुणचुणीत असतात. कोणी म्हणते, बेंचमार्क म्हणजे उत्तम दर्जा. कोणी म्हणते, परीक्षेतले सर्वांत जास्त गुण. एकदा मागच्या रांगेतला एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, बेंच म्हणजे बाक, मार्क म्हणजे खूण. कर्कटकाने बाकावर कोरलेले नाव म्हणजे बेंचमार्क!”

सारा वर्ग हसला. मीही हसलो. पण विद्यार्थी मित्रहो, त्या दिवशीच्या सर्व उत्तरांत त्याचेच उत्तर खऱ्याच्या सर्वांत जवळचे होते. या शब्दात खरोखरच एक बाक आहे आणि खरोखरच एक कोरलेली खूण आहे. चूक एवढीच, की खूण बाकावर कोरलेली नसते. बाकच त्या खुणेवर बसवायचा असतो. कसा, ते पाहू.

हा शब्द नकाशे तयार करणाऱ्या सर्वेक्षकांचा आहे. नकाशावर एखादी जागा दाखवायची, तर ती पूर्व-पश्चिम कोठे आणि दक्षिण-उत्तर कोठे एवढे सांगून भागत नाही, तिची उंचीही सांगावी लागते. ही उंची दर वेळी समुद्रापासून मोजत आणणे शक्य नसते. म्हणून ब्रिटनमधील सर्वेक्षक वाटेवरच्या पक्क्या जागी, म्हणजे पुलाच्या कठड्यावर, चर्चच्या भिंतीवर किंवा खडकावर, छिन्नीने एक आडवी खाच कोरून ठेवत आणि तिची उंची वहीत नोंदवत. खाचेखाली बाणाच्या टोकासारखी खूण असे. हा बाण म्हणजे तेथील सरकारी मालमत्तेची जुनी निशाणी. पुन्हा कधी त्या भागात काम निघाले, की सर्वेक्षक त्या खाचेत काटकोनात वाकवलेली लोखंडी पट्टी अडकवी. पट्टीचा बाहेर आलेला भाग म्हणजे एक लहानसे बसकण, एक छोटा बाकच. त्यावर मोजपट्टीचा उंच दांडा उभा करायचा. बाक बसवण्याची खूण म्हणून ती बेंच-मार्क. १९व्या शतकातील सर्वेक्षणाच्या लिखाणात हा शब्द आढळतो आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात तो ‘तुलनेसाठी घेतलेला आधार’ अशा व्यापक अर्थाने वापरला जाऊ लागला.

याच शब्दाची दुसरीही एक व्युत्पत्ती सांगितली जाते. सुतार आपल्या कामाच्या बाकावर मापाच्या खुणा करून ठेवतो आणि लाकूड त्यांना लावून कापतो, त्यावरून बेंचमार्क. गोष्ट ऐकायला झकास आहे. मग ती का स्वीकारायची नाही? कारण शब्दाची व्युत्पत्ती हीदेखील शास्त्राप्रमाणे पुराव्यानेच ठरते. शब्दाचे जुने लेखी वापर शोधायचे आणि ते कोणाच्या लेखणीतले आहेत ते पाहायचे. बेंचमार्कचे जुने वापर सर्वेक्षकांच्या कामातले आहेत, सुतारकामातले नाहीत. एवढ्याने सुताराची गोष्ट मागे पडते.

आपल्या बदलापूरचेच पाहा. पूर्वी या वाटेने जाणारे स्वार येथे घोडे बदलत, म्हणून हे बदलापूर, असे लहानपणापासून आपण ऐकतो. तसे असेलही. पण ‘गोष्ट शब्दाला चपखल बसते’ हा पुरावा नव्हे. एखाद्या जुन्या कागदात तसा उल्लेख दाखवावा लागेल. तोवर ती एक आवडती गोष्ट एवढेच म्हणावे. मनाला पटणे आणि सिद्ध होणे यांतला फरक शिकायला प्रयोगशाळाच लागते असे नाही.

आता हा शब्द आपल्याकडे कसा आला? १८०२ साली विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. त्यातून देशभराच्या जागा निश्चित होत गेल्या. १८५८ पासून उंची मोजण्याचे सूक्ष्म काम सुरू झाले आणि हमरस्त्यांच्या व लोहमार्गांच्या कडेने हजारो खुणा कोरल्या गेल्या. दगडावर ‘जी.टी.एस. बी.एम.’ अशी अक्षरे दिसली, तर ती या सर्वेक्षणाची खूण समजावी. आपल्याकडे ही खूण पुष्कळदा आडव्या शिळेच्या सपाट पृष्ठभागावरच कोरलेली असते. तेथे दांडा थेट दगडावर उभा राहतो, लोखंडी बाकाची गरजच पडत नाही. बाक गेला, नाव मात्र राहिले. मराठी पुस्तकांत यासाठी ‘तलचिन्ह’ असा नेटका शब्द आहे. पातळी दाखवणारे चिन्ह ते तलचिन्ह.

रेल्वेला तर या विद्येवाचून पाऊलही टाकता आले नसते. १८५३ साली मुंबईहून ठाण्यापर्यंत गाडी धावली, १८५४ साली ती कल्याणला आली आणि १८५६ साली आपल्या गावांवरून खोपोलीपर्यंत गेली. पुढे बोरघाट होता. त्या घाटातून वर नेलेल्या मार्गावर १ : ३७ इतका चढ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. मोजणीत थोडी चूक झाली असती, तर दोन्ही बाजूंनी खणलेले बोगद्याचे भाग एकमेकांना भेटलेच नसते! रेल्वेच्या अनेक स्थानकांवरील पिवळ्या फलकाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. पुढच्या प्रवासात ते आकडे वहीत उतरवून घ्या. कल्याणकडून कर्जतकडे जाताना जमीन कशी हळूहळू चढत जाते, याचा आलेख तुम्हीच काढू शकाल.

उंची मोजण्याची रीत अगदी सोपी आहे. ‘डंपी लेव्हल’ या यंत्रात एक दुर्बीण असते आणि बुडबुड्याच्या साह्याने ती तंतोतंत आडवी करता येते. समजा, एका तलचिन्हाची उंची २०.००० मीटर आहे. त्यावर उभ्या केलेल्या दांड्यावर दुर्बिणीतून १.३५० मीटर वाचले, तर आपली दृष्टिरेषा २१.३५० मीटर उंचीवर आहे. आता तोच दांडा शाळेच्या पायरीवर उभा करून त्याच दुर्बिणीतून पाहिले, तर ०.८२० मीटर दिसले. मग पायरीची उंची २१.३५० वजा ०.८२०, म्हणजे २०.५३० मीटर. एक बेरीज आणि एक वजाबाकी! त्या पायरीवरून पुढे, तेथून आणखी पुढे, असे करत उंची मैलोन् मैल नेता येते.

यात पदार्थविज्ञानाची एक गंमतही दडलेली आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे सरळ दृष्टिरेषा जमिनीपासून हळूहळू वर जाते. १०० मीटर अंतरावर ही तफावत एक मिलिमीटरहूनही कमी असते, पण एक किलोमीटरवर ती सुमारे आठ सेंटिमीटर होते. म्हणून कुशल सर्वेक्षक यंत्र दोन दांड्यांच्या बरोबर मध्ये ठेवतो. दोन्हीकडची चूक सारखी होते आणि वजाबाकीत निघून जाते.

पण त्या पहिल्या तलचिन्हाची उंची कशापासून मोजली? आपण ‘समुद्रसपाटी’ म्हणतो खरे, पण समुद्र काही सपाट नसतो. मुंबईला मोठ्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चार-पाच मीटरनी वरखाली होते. म्हणून भरतीमापक यंत्रांनी वर्षानुवर्षे नोंदी घेऊन त्यांची सरासरी काढावी लागली. आपल्या देशाची उंचीची जुनी पायाभूत मांडणी १९०९ सालची. ती मुंबईच्या अपोलो बंदरासह कराची, कारवार, मद्रास, विशाखापट्टणम अशा नऊ ठिकाणच्या नोंदींवर बेतलेली होती. सरासरी समुद्रपातळी हे माणसाने विचारपूर्वक ठरवलेले शून्य आहे, निसर्गाने आखून दिलेली रेघ नव्हे.

शून्य कोणते, हे न विचारता आकडा वाचला की घोटाळा होतो. पावसाळ्यात बातमी येते : ‘बदलापूर येथे उल्हास नदीची इशारा पातळी १६.५० मीटर व धोक्याची पातळी १७.५० मीटर.’ माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांना वाटते, नदी साडेसतरा मीटर खोल झाली! तसे नाही. तो पाण्याच्या पृष्ठभागाच्या पातळीचा आकडा आहे, खोलीचा नव्हे. तो एका ठरावीक शून्यापासून मोजलेला आहे आणि ते शून्य नदीचा तळ नाही. त्याच बातमीत पुढे ‘मुंबईत ४.८ मीटरची भरती’ असे वाक्य असले, तर ते शून्य आणखी निराळे. भरतीचे आकडे दर्यावर्दी लोकांच्या नकाशातील शून्यापासून मोजतात आणि ते अगदी खालच्या ओहोटीच्या जवळपास धरलेले असते. मुंबईत ते सरासरी समुद्रपातळीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे. तेव्हा १७.५० मधून ४.८ वजा करून कोणी काही अनुमान काढू लागला, तर त्याचे गणित बरोबर असूनही उत्तर निरर्थक ठरेल.

उपग्रहांच्या मदतीने उंची सांगणाऱ्या यंत्रांचेही तेच. ही यंत्रे मुळात पृथ्वीच्या एका काल्पनिक, गुळगुळीत, लंबगोल आकारापासून उंची मोजतात. मुंबईच्या आसपास समुद्राची सरासरी पातळी त्या आकाराच्या साठ मीटरहून अधिक खाली आहे. ही दुरुस्ती न केलेले यंत्र उल्हासच्या काठी उभे राहून पाहिले, तर आपली उंची चक्क उणे दाखवील! यंत्र खोटे बोलत नाही. त्याचा बाक वेगळ्या खुणेवर आहे, एवढेच.

आता मला मुख्य मुद्द्यावर यायचे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी आपल्या पट्ट्यातही नदी गावात शिरली. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि सुमारे हजारभर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. २०२१ सालच्या जुलैतही पुन्हा पाणी आले. आता तुमच्या घरातील मोठ्या माणसांना विचारा, कोणत्या वर्षी पाणी अधिक चढले होते? एक जण सांगेल, “कंबरभर होते.” दुसरा सांगेल, “उंबऱ्याच्या वर दोन पायऱ्या.” तिसरा म्हणेल, “शेजाऱ्यांची स्कूटर बुडाली होती.” सारे खरेच बोलत असतात. पण कंबर कोणाची? बापाची की मुलाची? आणि उंबरा तरी आज तेथेच आहे काय?

हा शेवटचा प्रश्न चेष्टेचा नाही. आम्ही राहतो त्या गल्लीत पूर्वी तळमजल्यावरच्या घरात दोन पायऱ्या चढून जावे लागे. रस्त्यावर खडी-डांबराचे थर चढले, मग काँक्रीट आले. आता त्याच घरात एक पायरी उतरून जावे लागते. घर खचलेले नाही, रस्ता वर आला आहे. तेव्हा ‘रस्त्यावर गुडघाभर पाणी’ याचा २००५ सालचा अर्थ आणि आजचा अर्थ यांत हातभर अंतर पडले असणार. ते नक्की किती, हे आज कोणीच सांगू शकत नाही, कारण त्या वेळी कोणी खूण करून ठेवली नाही.

ज्या खुणा होत्या त्याही आपण सांभाळल्या नाहीत. एका जुन्या दगडी इमारतीच्या ओट्यावर असे एक चिन्ह होते. काही वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांना ते मुद्दाम दाखवायला नेले होते. पुढच्या वर्षी नव्या मुलांना घेऊन गेलो, तर ओट्यावर चकचकीत फरशी! ज्यांनी ती बसवली त्यांचा हेतू वाईट नव्हता. तो दगड काय सांगतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आपल्याकडे शेताचा बांध कोरणे पाप मानतात, शिवेचा दगड हलवणाऱ्याला गाव क्षमा करीत नाही. तलचिन्ह हा तर साऱ्या मुलखाच्या उंचीचा शिवेचा दगड. त्याला तेवढाही मान मिळू नये?

यावर कोणी म्हणेल, नदीची पातळी सरकारी खाते मोजतेच, मग आपण कशाला शीण घ्यायचा? ते काम होते ही चांगलीच गोष्ट. पण ते मोजमाप नदीवरच्या एका जागेचे असते. वाहत्या नदीचा पृष्ठभाग आडवा नसतो. त्याला उतार असतो म्हणून तर ती वाहते. बदलापूरला एका आकड्यावर असलेले पाणी खाली उल्हासनगरच्या बाजूला त्याच आकड्यावर असणार नाही. अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून वाहणारी वालधुनी तर स्वतंत्रच नदी आहे. तिच्या काठचे पाणी उल्हासच्या आकड्यावरून कसे समजणार? तुमच्या गल्लीत पाणी कधी शिरेल, याचे उत्तर तुमच्या गल्लीच्याच उंचीत आहे.

म्हणून माझी सूचना अशी. या तिन्ही शहरांतील प्रत्येक माध्यमिक शाळेने आपल्या इमारतीच्या पक्क्या जोत्यावर एक आडवी खाच कोरून घ्यावी आणि तिच्या शेजारी ‘शाळेचे तलचिन्ह’ असे लिहावे. खर्च गवंड्याच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीएवढा. मग विद्यार्थ्यांनी आसपासच्या चौकांची, नाल्यांवरच्या पुलांची आणि आपल्या उंबऱ्यांची उंची या खुणेच्या तुलनेत काढावी. डंपी लेव्हल नसली तरी अडत नाही. बांधकामावर गवंडी काय करतो ते पाहिले आहे ना? पारदर्शक नळीत पाणी भरून तो एका खांबावरची पातळी दुसऱ्या खांबावर नेतो. दोन्ही तोंडे उघडी असली की स्थिर पाणी दोन्हीकडे सारख्याच पातळीवर राहते. मंदिराच्या काळापासून आजच्या काँक्रीटच्या इमारतीपर्यंत बांधणाऱ्याला निसर्गाच्या याच नियमाचा आधार आहे.

करताना तीन गोष्टी सांभाळा. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, नाही तर पातळी फसवी येते. नळीचा एक भाग उन्हात व दुसरा सावलीत नको, कारण गरम पाणी हलके असते आणि त्या बाजूला ते किंचित वर चढते. आणि प्रत्येक माप उलट दिशेने पुन्हा घ्या. निघाल्या जागी परत आल्यावर पहिलाच आकडा मिळायला हवा. जो फरक पडेल तो लपवू नका, वहीत लिहा. ती तुमच्या मापनाची चूक आहे आणि ती ठाऊक असणे हेच मापनाचे निम्मे शास्त्र.

पूर ओसरला, की भिंतीवर गाळाची रेघ उमटलेली असते. रंग काढण्यापूर्वी ती तलचिन्हाच्या किती वर वा खाली आहे ते मोजा आणि तारखेसह नोंदवा. मात्र हे काम पाणी पूर्ण उतरल्यावर, मोठ्यांबरोबर. पुराच्या पाण्यात उतरून मोजण्याचे धाडस कोणी करू नये. शिक्षक बंधुभगिनींनी पुढाकार घेऊन एखाद्या अभियंत्याकडून शाळेचे चिन्ह जवळच्या सरकारी तलचिन्हाशी जोडून घ्यावे. म्हणजे बदलापूरच्या शाळेचा आकडा आणि उल्हासनगरच्या शाळेचा आकडा एकमेकांशी बोलू लागतील. वीस वर्षांनी नवे घर कितपत उंच जोत्यावर बांधावे, असे कोणी विचारले, तर आपल्याकडे कंबरेऐवजी आकडा असेल. ज्या घरात आजी खाटेवर झोपते आणि धान्याचे डबे खालच्या फळीवर असतात, त्या घराला या आकड्याचे मोल विचारा.

जाता जाता पुन्हा शब्दाकडे वळतो. ‘अमक्याने नवा बेंचमार्क गाठला’, ‘तमक्याने जुना बेंचमार्क मोडला’ अशी वाक्ये वाचली, की आता तुम्हाला थोडे हसू येईल. बेंचमार्क गाठायचा नसतो आणि मोडायचा तर मुळीच नसतो. तो उंच असावा लागत नाही, शाळेच्या जोत्यावर, पायाशी असला तरी चालतो. त्याच्याकडून एकच अपेक्षा असते : त्याने जागचे हलू नये. शब्दांचे अर्थ काळाबरोबर बदलतात, त्याला माझी हरकत नाही. पण शब्दाचा अर्थ सरकला म्हणून वस्तूचेही विस्मरण व्हावे, हे बरे नव्हे.

बाकावर नाव कोरणारा तो विद्यार्थी आता कोठे असेल ठाऊक नाही. पण कर्कटक हातात घेऊन शिवशिवणाऱ्या साऱ्या मित्रांना सांगणे एकच. बाक सोडा. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, छिन्नी घ्या आणि शाळेच्या जोत्यावर एक सरळ, आडवी रेघ कोरा. तुमचे नाव तिच्याजवळ नसले तरी चालेल. पुढच्या पुरात गाव तिच्यावरूनच पाणी मोजील.